पित्त झालें, म्हणजे काय झालें ?

मराठी घरांत कांहीं शब्दांवर फार ओझें लादलेलें असतें, आणि ते बिचारे तें मुकाट्यानें वाहतात. अशा शब्दांची कोणीं यादी केली तर तींत 'पित्त' या शब्दाचा क्रमांक बराच वर लागेल. सकाळीं डोकें चढलें, पित्त. जेवणानंतर छातींत जळजळलें, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. प्रवासांत मळमळलें, पित्त. आणि घरांतील वडील माणूस उगीच एखाद्यावर ओरडलें, तरी त्याचें पित्त खवळलें असेंच आपण म्हणतों. आमचा जन्म संस्कृत आणि मराठी शिकविण्यांत गेला. शब्दांची ही ओढाताण आम्हांस नवी नाहीं, आणि एरवीं तिच्यापासून कोणाचें फारसें बिघडतही नाहीं. परंतु २०२४ च्या भाद्रपदापासून पुढील पांच महिन्यांत आमच्या चौसाळ्याच्या घरांत या एका शब्दाच्या आड दोन माणसांचें दुखणें दडून बसलेलें आढळलें. त्यांतील एक तर जिवावर बेतावयाचेंच राहिलें होतें. म्हणून साठी ओलांडलेल्या आमच्या समवयस्कांसाठीं, आणि त्यांहूनही अधिक त्यांच्यासह एका छपराखालीं राहणाऱ्या मुलां-सुनांसाठीं, हा मजकूर लिहीत आहों.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. उजव्या बरगड्यांच्या आड असलेलें यकृत रोज अर्ध्यापासून एक लिटरपर्यंत पित्तरस तयार करतें. यकृताच्या खालच्या अंगास पेरूच्या नव्हे, पण नासपतीच्या आकाराची सात ते दहा सेंटिमीटर लांबीची एक पिशवी लोंबत असते, तेंच पित्ताशय. तींत एका वेळीं तीस ते पन्नास मिलिलिटर रस मावतो, म्हणजे चहाचा लहानसा कपही भरावयाचा नाहीं. पिशवी या रसांतील पाणी शोषून घेऊन तो दाट करते आणि जपून ठेवते. आपण तूप-तेलाचें जेवण जेवलों कीं आंतड्याकडून निरोप जातो, पिशवी आकुंचन पावते आणि दाट रस एका अरुंद नळीतून आंतड्यांत उतरतो. रिठ्याच्या पाण्यानें तुपकट भांडें जसें सुटतें, तशी या रसानें पोटांतील चरबी सुटी होते व मग पचते. याच रसांत विरघळून कोलेस्टेरॉलही बाहेर पडत असतें. तें रसाच्या शक्तीबाहेर वाढलें, किंवा पिशवी पुष्कळ वेळ रिकामीच झाली नाहीं, म्हणजे त्याचे कण खालीं बसूं लागतात. मोरावळ्याचा पाक बरणींत फार दिवस राहिला म्हणजे तळाशीं साखर बसते, ती ज्या गृहिणींनीं पाहिली आहे त्यांना याहून अधिक सांगावयास नको. कणाचा रवा होतो, रव्याचा खडा होतो. वय वाढत जाणें, स्त्रीचा देह, अनेक बाळंतपणें, लठ्ठपणा, मधुमेह, आणि (हें पुष्कळांस ठाऊक नसतें) लांबलचक उपवास किंवा थोड्या दिवसांत झपाट्यानें वजन उतरविणें, हीं सर्व खड्यांस अनुकूल. महिन्यांत दहा किलो उतरवून देण्याच्या ज्या जाहिराती हल्लीं दिसतात, त्या वाचतांना एवढें ध्यानांत असावें.

येथें आमच्या विषयाचा थोडा मोह आवरत नाहीं. सुश्रुतानें शरीरांतील आशय सांगितले आहेत, त्यांत पित्ताशय हें नांव आहे. पण तें पित्त या दोषाचें स्थान म्हणून आहे, या पिशवीचें वर्णन म्हणून नव्हे. अश्मरी म्हणून जो खड्याचा विकार तो सांगतो, आणि ज्यासाठीं शस्त्रक्रियाही सांगतो, तो मूत्राशयांतला. तेव्हां त्रिदोषांतलें पित्त ही एक कल्पना झाली; यकृताचा पित्तरस हा वाटींत धरतां येईल असा द्रव झाला; आणि ज्याला घरांत 'पित्त झालें' म्हणतात ती जळजळ बहुधा जठरांतील अम्लाची असते, तिचा पित्तरसाशीं कांहीं संबंध नसतो. एका वर्गांत एकाच नांवाचे तीन विद्यार्थी असले म्हणजे हजेरी घेतांना एकाच्या नांवाला दुसराच 'हजर' म्हणतो, आणि जो खरोखर गैरहजर असतो त्याचा पत्ता महिनाभर लागत नाहीं. तसाच हा प्रकार.

आतां आमच्यावर आलेला प्रसंग. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. मराठवाड्यांत त्या दिवशींचा स्वयंपाक म्हणजे काय तें येथील मंडळींस सांगावयास नको. पुरणावर तुपाची धार, कटाची आमटी, वडे, भजीं, आणि पानें मांडावयास दुपारचे तीन. आम्ही घरांत मिताहारी म्हणून ओळखले जातों व त्या दिवशींही मर्यादा सोडली नव्हती. रात्रीं साडेअकराच्या सुमारास बेंबीच्या वर, किंचित् उजवीकडे, कोणीं पाटा आणून ठेवावा तसें दडपण वाटूं लागलें. कळ येते आणि जाते; हें दुखणें आलें तें बसूनच राहिलें. वाढत वाढत तें पाठींत उजव्या पाखोट्याखालीं पोहोंचलें. कपाळावर घाम आला. उजवीकडे वळावें तरी तेंच, डावीकडे वळावें तरी तेंच, उठून अंगणांत फेऱ्या घालाव्या तरी तेंच. कुटुंबानें सोडा-लिंबू करून दिलें. 'पित्त आहे, उलटून पडलें कीं मोकळें वाटेल', असें सर्वांचें एकमत झालें. उलटी झाली, मोकळें मात्र वाटलें नाहीं. अडीच-तीन तासांनीं, गांठ सुटावी तसें, सर्व दुखणें नाहींसें झालें व आम्हांस गाढ झोप लागली. या रोगाची खरी लबाडी यांतच आहे. सकाळीं मनुष्य ताजातवाना उठतो, चहा घेतो, आणि रात्रींची गोष्ट महालक्ष्म्यांच्या पुरणावर ढकलून मोकळा होतो.

आम्ही सकाळींच येथील डॉक्टरांकडे गेलों. ते आमचे जुने विद्यार्थी. त्यांनीं नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलें आणि म्हणाले, "गुरुजी, पोटाचें मग बघूं, अगोदर हृदय बघूं." अडुसष्टाव्या वर्षीं पोटाच्या वरच्या भागांत घामासह दुखणें म्हणजे तें हृदयाचेंही असूं शकतें, व तें पित्त म्हणून अंगावर काढलेले किती तरी लोक सकाळ पाहत नाहींत. हृदयाचा आलेख चांगला निघाला तेव्हां त्यांनीं खरी परीक्षा घेतली : कोठें दुखलें, किती वेळ, कोणीकडे सरकलें, जेवणानंतर किती तासांनीं, उलटीनें आराम वाटला कीं नाहीं, ताप होता का, लघवीचा रंग कसा. दोन-चार मिनिटांची चमक ही बहुधा वायूची. अर्ध्या तासापासून चार-पांच तासपर्यंत एकसारखें बसून राहणारें, उलटीनें वा ढेकरेनें न हलणारें दुखणें असेल तर खड्याचा संशय धरावा. आणि तें त्याहूनही लांबलें व ताप आला तर पिशवीस सूज आली असें समजून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. हा हिशेब आम्हीं त्या दिवशीं तेथेंच वहींत टिपून घेतला.

चौसाळें धुळें–सोलापूर हमरस्त्यावर आहे. बीडला जावयास गाडी केव्हांही मिळते. दुसऱ्या दिवशीं उपाशीपोटीं जाऊन सोनोग्राफी केली. उपाशीपोटीं कां, असें आम्हीं विचारलें. कारण न समजतां केलेला उपवास आम्हांस मानवत नाहीं. उत्तर सोपें आहे. खाल्लें कीं पिशवी आकुंचन पावते, मग आंतलें दिसत नाहीं. सहा-आठ तास कांहीं न खाल्लें म्हणजे ती रसानें भरून टपोरी होते आणि तींतील खडे स्पष्ट दिसतात. आमच्या पिशवींत तीन खडे निघाले.

मग सल्ले येऊं लागले. गांव लहान, ममता मोठी. एकानें कुळथाचें कढण सांगितलें, दुसऱ्यानें पानफुटीचीं पानें आणून दिलीं. हीं दोन्ही मुतखड्यासाठीं सांगितलीं जातात, आणि मूत्रपिंडांतील खड्याचें घर निराळें, वाट निराळी, घडणही निराळी. तेव्हां तेथें त्यांचा गुण येवो वा न येवो, येथें त्यांचा प्रश्नच येत नाहीं. तिसरा सल्ला मोबाइलवरून आला : पेलाभर ऑलिव्हचें तेल लिंबाच्या रसांत प्यावें, सकाळीं हिरवे खडे पडतात. पडतात हें खरें. पण ते खडे पित्ताशयांतले नव्हेत. २००५ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या प्रसिद्ध नियतकालिकांत एका बाईच्या अशा खड्यांच्या तपासणीची हकीकत आली होती; त्यांत कोलेस्टेरॉल नव्हतेंच. प्यालेल्या तेलाचा आंतड्यांत साबण झाला होता, त्याचे ते गोळे. खडे पडल्याच्या आनंदांत मूळचे खडे जागच्या जागीं राहतात, ही त्यांतील गोम.

आतां खडे आहेत म्हणून सर्वांनींच पिशवी काढून घ्यावी काय? मुळींच नाहीं. दुसऱ्याच कारणासाठीं सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, असें आज घरोघर होतें. ज्या खड्यांनीं कधीं त्रास दिला नाहीं त्यांपैकीं बहुतेक जन्मभर देत नाहींत. त्यांना डिवचूं नये, हेंच शहाणे शल्यवैद्य सांगतात. एकदां दुखलें कीं मात्र गोष्ट पालटते. तें पुन्हा दुखण्याचा संभव बराच असतो, आणि प्रत्येक वेळीं नळींत खडा अडकून कावीळ होण्याची किंवा स्वादुपिंडास सूज येण्याची भीति असते. ही दुसरी व्याधि तर भल्या भल्या तरुणांसही आठ दिवसांत खलास करते.

आमच्या लहानपणीं पोट फाडणें म्हणजे सोंवळ्यांतलें एक गंगाजळ तोंडांत घालून निघण्यासारखेंच मानीत. त्यामुळें या शस्त्रक्रियेचा इतिहास आम्हीं मोठ्या जिज्ञासेनें वाचला. १५ जुलै १८८२ रोजीं बर्लिन येथें कार्ल लांगेनबुख या शल्यवैद्यानें मनुष्याचें पित्ताशय पहिल्यानें काढलें. तोंपर्यंत पिशवी चिरून खडे तेवढे काढीत. लांगेनबुखचें मत असें कीं, पिशवींत खडे आहेत हें ती काढण्याचें कारण नव्हे, पिशवीच खडे घडवीत असते हें कारण. पुढें शंभर वर्षें हीच रीति चालली. पण चीर वीतभर, आणि अंथरुणांत आठवडे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनीं १९६५ सालीं सदरा वर करून आपल्या पोटावरचा तो लांबलचक व्रण छायाचित्रकारांस दाखविला, तें चित्र जगभर छापलें गेलें. ब्रिटनचे अँथनी ईडन यांची गोष्ट याहून दुःखद. १९५३ सालीं ते परराष्ट्रमंत्री असतांना त्यांची ही शस्त्रक्रिया झाली, तींत पित्तनळीसच इजा पोहोंचली. बोस्टनला जाऊन ती पुन्हा दुरुस्त करून घ्यावी लागली, आणि पुढें १९५६ च्या सुएझ प्रकरणांतही तें दुखणें त्यांच्या पाठीशीं होतें. हें आम्ही कोणास भिवविण्यासाठीं लिहीत नाहीं. नळीची ही जोखीम अगदीं थोडी कां होईना, आजही असते, म्हणून हात सरावलेला असावा, एवढ्यासाठीं लिहितों.

१२ सप्टेंबर १९८५ रोजीं जर्मनींतच एरिख म्यूहे यानें पोट न फाडतां, दुर्बीण घालून पित्ताशय काढलें. त्याच्या देशांतील शल्यवैद्यांनीं त्या वेळीं त्याची संभावना केली ती उपहासानेंच. आपल्याकडे मात्र पांच वर्षांच्या आंत, ३१ मे १९९० रोजीं, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनीं भारतांतली अशी पहिली शस्त्रक्रिया केली. १९७२ पासूनच ते त्या रुग्णालयांत पोटांत दुर्बीण घालून रोगाचें निदान करीत असत, त्या सरावाचें हें फळ. पुढें त्यांस पद्मभूषण मिळालें. २०२३ सालीं ते निवर्तले. आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, एवढी नवी विद्या या देशांत प्रथम उतरली ती गोरगरिबांच्या सरकारी रुग्णालयांत. आज ती जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोंचली आहे. दसरा झाल्यावर बीडलाच आमची शस्त्रक्रिया झाली. चार बोटाएवढींही नाहींत अशीं चार छिद्रें. त्याच संध्याकाळीं उठवून चालविलें, तिसऱ्या दिवशीं घरीं. याहून अधिक सांगण्यासारखें त्यांत कांहीं घडलें नाहीं, आणि घडूं नये हेंच चांगल्या शस्त्रक्रियेचें लक्षण.

आम्ही घरीं आलों त्या दिवशींची एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण या लेखाचें निमित्त आमचें दुखणें नसून तीच आहे.

आमच्या वडीलबंधूंच्या मागें वहिनी, त्यांचा मुलगा, सून व नातवंडें आणि आम्ही उभयतां असे एकत्र राहतों. वहिनींचें वय तेव्हां चौऱ्याहत्तर. सोमवार, प्रदोष, एकादशी, चातुर्मासांत एकभुक्त. सर्वांचीं पानें झाल्यावर आपलें पान, हा क्रम सून आली तरी सुटला नाहीं. आम्ही माजघरांत बसून मुलांस दुखण्याची हकीकत सांगत होतों. वहिनी दारांत उभ्या होत्या. त्यांनीं विचारलें, "भाऊजी, तुमचें तें पाखोट्यापर्यंत जात होतें का?" होय म्हटल्यावर, "असें होय," एवढेंच म्हणून त्या आंत गेल्या. तीन वर्षें वहिनींना अधूनमधून 'पित्त' होत असे. त्या दिवशीं जेवीत नसत, मोरावळ्याची फोड घेऊन अंधाऱ्या खोलींत पडून राहत, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे सडा घालावयास हजर. पुतण्यास आम्हीं त्याच संध्याकाळीं सांगितलें कीं, आईस बीडला नेऊन सोनोग्राफी करून आण. त्यानें दोनदां गाडी ठरविली. वहिनींनीं एकदां दिवाळी पुढें केली, एकदां तुळशीचें लग्न. मग मार्गशीर्ष आला, मग धुंधुरमास. मोठ्या घरांत वडील बाईला स्वतःसाठीं सवड काढावयाची नसेल तर पंचांग तिला कारणें पुरवावयास समर्थ असतें.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यांत वहिनी उन्हांत तीळ निवडीत बसल्या असतां धाकट्या सुनेच्या लक्षांत आलें कीं, त्यांचे डोळे पिवळे दिसत आहेत. अंगास खाज सुटत होती, अन्न जात नव्हतें, तें त्यांनीं कोणास सांगितलें नव्हतें. गांवांत बातमी पसरावयास किती वेळ? काविळीची माळ बांधणारा अमक्या गांवीं आहे. गळ्यांतून बेंबीपर्यंत माळ उतरली कीं कावीळ उतरली. कोणी ताकांतून मुळी देतो. सर्व पत्ते घरबसल्या मिळाले. आतां जी कावीळ दूषित पाण्यापासून होते, ती बहुधा पथ्यानें व विश्रांतीनें आपोआपच उतरते, आणि श्रेय माळेस मिळतें. पण नळींत खडा अडकल्यामुळें झालेली कावीळ माळेकडे पाहत नाहीं.

हा भेद कसा करावा? येथें आमच्या उपयोगीं पडला तो चरक. कामलेचे दोन प्रकार सांगून त्यानें दुसऱ्या प्रकाराची खूण अशी दिली आहे कीं, कफानें पित्ताचा मार्ग अडतो, मग पित्त कोठ्यांत उतरत नाहीं, आणि रोग्याचा मळ वाटलेल्या तिळासारखा पांढरट होतो. आजचें शास्त्रही हेंच म्हणतें, फक्त कफाच्या जागीं खडा किंवा गांठ म्हणतें : मळाला रंग येतो तो पित्तरसानें, रस आंतड्यांत उतरला नाहीं तर मळ फिका, आणि तोच रस रक्तांत चढून लघवी गडद. परंतु चौऱ्याहत्तर वर्षांच्या वहिनींस धाकट्या दिरानें हा प्रश्न कसा विचारावा? आम्हीं तो कुटुंबाकरवीं विचारविला. स्वयंपाकघरांत पोळ्यांसाठीं तिळाचा कूट चालला होता. वहिनींनीं परातीकडे बोट दाखविलें आणि म्हणाल्या, "चार दिवस झाले, अगदीं असें." त्या वर्षीं आमच्या घरीं तिळाची पोळी कोणीं केली नाहीं.

त्याच संध्याकाळीं त्यांना हुडहुडी भरून ताप आला. कावीळ, थंडी वाजून ताप आणि उजव्या बाजूस दुखणें हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे नळींत अडकलेला रस नासला, असें समजतात. अशा वेळीं सकाळची वाट पाहणेंही धोक्याचें. डॉक्टर स्वतः घरीं आले आणि म्हणाले, आतांच निघा. पुतण्यानें रात्रींच त्यांना छत्रपती संभाजीनगरास नेलें. तेथें दुसऱ्या दिवशीं तोंडावाटे दुर्बीण घालून, नळीचें तोंड थोडें रुंद करून, बारीक तारेच्या जाळींत धरून खडा बाहेर काढला. ताप दोन दिवसांत गेला. डोळ्यांचा पिवळेपणा जावयास मात्र आठवडे लागले. डॉक्टरांनीं सांगितलेली एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटली. तरुण माणसाचें शरीर दुखण्याची बोंब मारतें, म्हाताऱ्याचें पुटपुटतें. आंत पू झाला तरी ताप जेमतेम, दुखणें जेमतेम. दिसतें एवढेंच कीं, म्हातारी एक भाकरी खात होती ती अर्धी खाऊं लागली, दिवसा पेंगूं लागली, बोलेनाशी झाली. मधुमेह असला तर हें आणखीच. हें पुटपुटणें रुग्णालयांत ऐकूं येत नाहीं, घरांतच येतें, तेंही कोणी शेजारीं जेवावयास बसत असेल तर.

नळी मोकळी झाली. पिशवी व तिच्यांतील बाकीचे खडे तसेच होते, आणि ते केव्हांही पुन्हा नळींत उतरणार. लांगेनबुखचाच न्याय. पण वहिनी शस्त्रक्रियेस तयार होईनात. "आतां राहिले किती दिवस? पोरीच्या कॉलेजाचा पैसा माझ्या पोटांत घालूं नका." वडील माणसानें असें म्हटलें कीं घरांतले सर्व जण खालीं मान घालतात व प्रश्न तेथेंच राहतो, आम्हीं तो राहूं दिला नाहीं. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, कुटुंबास वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयांतील उपचार देणारें आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारनें सुरू केलें आहे. तें आधारकार्डावरून निघतें, शिधापत्रिकेचा रंग विचारीत नाहीं. पुतण्यानें तें काढून आईच्या हातांत ठेवलें. संभाजीनगरचा खर्च घरूनच झाला होता. शस्त्रक्रियेचा मात्र या कार्डावर भागेल अशी खात्री योजनेंतील रुग्णालयांत विचारून करून घेतली. ज्यांच्या घरांत सत्तरीपुढील माणसें आहेत त्यांनीं हें कार्ड निरोगीपणींच काढून ठेवावें. रात्रीं अकरा वाजतां अंगठ्याचा ठसा जुळत नाहीं.

पैशाचा प्रश्न मिटला तरी वहिनी गप्पच. तेव्हां दिसून आलें कीं, पैसा हें खरें कारण नव्हतेंच. एके दुपारीं त्या सुनेस म्हणाल्या, "पिशवी काढल्यावर मला जन्मभर वेगळें पथ्याचें लागेल ना? तूं चार माणसांचें करायचें, कीं माझी वेगळी चूल मांडायची?" पन्नास वर्षें ज्या बाईनें सर्वांच्या मागून जेवण घेतलें, तिला आपल्यासाठीं वेगळें पातेलें चढेल याची भीति मरणापेक्षां मोठी वाटत होती. हें उत्तर कोणत्याही पुस्तकांत नव्हतें, पण प्रश्नाचा वैद्यकी भाग तरी सोपा होता. पिशवी गेली म्हणजे पित्तरस थांबत नाहीं. यकृत तो करीतच असतें, फक्त मधें सांठा न होतां तो थेंबाथेंबानें थेट आंतड्यांत उतरतो. पहिले कांहीं आठवडे तळकट कमी, एका वेळीं थोडें. कोणास कांहीं दिवस पोट जरा सैल राहतें. पुढें घरांत सर्व खातात तेंच. तीन महिने आमचें पान सुनेच्याच हातून वाढलें जात होतें, तेव्हां पुरावा घरांतच होता. सून म्हणाली, "काकांना वेगळें कुठें केलंय, आई? तुम्ही फक्त माझ्याबरोबर जेवायला बसा, एवढंच वेगळं." माघ संपतां संपतां वहिनींची शस्त्रक्रिया झाली. आम्हीं त्यांच्या रोजच्या औषधांची चिठ्ठी बरोबर दिली होती. तींत रक्त पातळ ठेवणारी एक गोळी होती, ती डॉक्टरांनीं अगोदर कांहीं दिवस बंद केली. असली गोळी आपल्या मनानें कोणीं बंद करूं नये, आणि ती चालू आहे हें लपवूंही नये.

नातीनें बाटलींतले खडे मोजले. आमचे तीन, वहिनींचे एकोणीस. "वयाप्रमाणें मान," असें वहिनी म्हणाल्या. बाटली कांहीं दिवस देवघराच्या खालच्या फळीवर होती. मग कुटुंबानें ती तेथून हलविली.

उपवासांचा विषय निघालाच. डॉक्टरांनीं उपवास सोडा असें म्हटलें नाहीं. दिवसभर पोट कोरडें ठेवून रात्रीं एकदम तुपाचें जेवण करूं नका, एवढेंच सांगितलें. पुढल्या चातुर्मासांत वहिनींनीं एकभुक्ताऐवजीं दुपारीं जेवण व रात्रीं दूध-फळ असें ठेवलें. सोमवार-एकादशीस राजगिऱ्याचा लाडू आणि दूध दोन-तीन वेळ. सकाळचा फेरफटका आम्ही तिघे मिळून हमरस्त्यापासून दूर, शेताच्या वाटेनें घालतों. वहिनी आमच्यापुढें असतात.

अलीकडे गल्लींतील बायका पोट दुखलें कीं डॉक्टरांच्या अगोदर वहिनींकडे येतात. त्या कोणास औषध सांगत नाहींत. ओसरीवर बसवून विचारतात : कोठें दुखतें, बोटानें दाखव; किती वेळ; पाखोट्याकडे जातें का; उलटून पडल्यावर बरें वाटलें का; आणि मग आवाज उतरवून, तो तिळाचा प्रश्न. आतांपर्यंत दोघींना त्यांनीं बीडला धाडलें. एकीस खडे निघाले. दुसरीस कांहींच निघालें नाहीं. परत येतांना ती बसस्थानकावर गरम भजीं खाऊन आली.